गणपतीतलं ग्रहण

श्रावण सरत आला की आमच्या शाळेत खोकला पहिल्यांदा ऐकू येतो तो सातवी ब च्या वर्गात. त्या वर्गाच्या खिडक्या नाल्याच्या बाजूला आहेत. वास येतो म्हणून त्या बंद ठेवतात, आणि बंद ठेवल्या म्हणून पावसाच्या ओलीने फुगून त्या चौकटीत घट्ट बसल्या आहेत. शेजारच्या सातवी अ च्या खिडक्या मैदानाकडे उघडतात. पाऊस तोच, ताप तोच, मुलंही एकाच गल्लीतली. पण ब मध्ये बाक रिकामे दिसू लागतात तेव्हा अ मधली मुलं मधल्या सुट्टीत गळा फाडून ओरडत असतात.

बदलापूरच्या या शाळेत मी विज्ञान शिकवते. दर वर्षी या दिवसांत मी शिपाईमामांच्या मागे लागून त्या खिडक्या ठोकून ठोकून उघडून घेते. मुख्याध्यापिका बाई नाकाला पदर लावतात. मी त्यांना सांगते, बाई, वासाने डोकं दुखेल, पण ताप येतो तो कोंडलेल्या हवेतून. त्या हसतात आणि म्हणतात, तुझं दर वर्षीचं हे व्रत आहे. असेल. एकच ताप एका भिंतीच्या अलीकडे एक करतो आणि पलीकडे दुसरंच काही करतो, हे मी एका भाद्रपदात जवळून पाहिलं आहे. तेव्हापासून खिडकी, नळ आणि साबण या तीन गोष्टींबद्दल मी कोणाशीही वाद घालायला तयार असते.

ते स्वाइन फ्लूचं वर्ष होतं. मी उल्हासनगरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. घर बदलापूरजवळ चामटोली गावात, पण कॉलेजसाठी उल्हासनगरातच, कॅम्प चार या वस्तीत, मामाकडे राहायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात पाळी करायचे आणि उरलेल्या वेळात भात. माझ्याहून मोठी संगीताताई दहावीनंतर थांबली आणि अंबरनाथलाच एका कंपनीत पॅकिंगला जाऊ लागली. मला अभ्यासाचा कंटाळाच होता, असं ती आजही सांगते. ते खरं नाही. गणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. मी शिकावं म्हणून ती थांबली, आणि मला ते ओझं वाटू नये म्हणून कंटाळ्याची गोष्ट तिने रचली. त्या भाद्रपदात ताई पालेगावला सासरी होती, आणि तिला सहावा संपून सातवा लागणार होता.

त्या ऋतूला वास होता कापराचा. रुमालाच्या कोपऱ्यात कापूर आणि वेलदोडा बांधून ती पुरचुंडी हुंगत राहिलं की ताप जवळ येत नाही, अशी बातमी कुठून तरी निघाली आणि सगळीकडे पोचली. रिक्षात, दुकानात, कॉलेजच्या वाचनालयात, जिथे जावं तिथे आरती नुकतीच संपल्यासारखा वास. शाळा बंद, थिएटर बंद. वर्तमानपत्रात रोज पुण्याच्या बातम्या. आमच्या प्राध्यापिका शिकवता शिकवता थांबायच्या आणि म्हणायच्या, मुलींनो, परीक्षेत येईल म्हणून नका ऐकू, घरी जाऊन सांगा.

उल्हासनगरात तर एका रात्रीत धंदा बदलला होता. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांनी खिशाच्या अस्तराचे मास्क शिवायला घेतले, आणि बाजारात हातगाड्यांवर मास्कचे ढीग लागले. मी घेण्यासाठी थांबले तर माझ्यापुढे एक गृहस्थ होते. त्यांनी पांढरा मास्क तोंडाला लावला, बरोबरच्या मित्राला कसा दिसतो ते विचारलं, मग निळा लावून पाहिला, निळा पसंत केला आणि पांढरा परत ढिगात टाकला. त्यांच्यामागच्या बाईंनी तोच उचलून आपल्या तोंडाला लावला. कॉलेजात आम्ही आपापल्या बोटांचे ठसे काचेच्या बशीतल्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, उठवून दुसऱ्या दिवशी त्यावर उगवलेले ठिपके पाहिले होते. मला समोर ढीग दिसेना, तेच ठिपके दिसायला लागले. मी गाडीवाल्याला सांगितलं, भैया, हे असं कोणाला लावून बघायला देऊ नका. त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"मॅडम, बिना ट्राय का माल उल्हासनगर में लेता कौन है?"

 मी शेजारच्या दुकानातून कापड घेतलं आणि मामीच्या मशीनवर घरीच मास्क शिवले.

त्याच पावसाळ्यात, थोडं आधी, आषाढी अमावस्येला सूर्यग्रहण झालं होतं. जगभर त्याची चर्चा होती. आमच्याकडे सकाळी सकाळी आभाळ असं भरलेलं, की ग्रहण लागलं कधी आणि सुटलं कधी हे कोणालाच दिसलं नाही. मी आदल्या दिवशी पालेगावला ताईकडे मुक्कामाला गेले होते. ताईच्या सासूबाईंना आम्ही मावशी म्हणतो. मावशींनी पहाटेच ताईला आतल्या खोलीत बसवलं, खिडकीला घोंगडी लावली आणि दार ओढून घेतलं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, कोणी आत जायचं नाही. मी दाराबाहेर उभी राहून चंद्राची सावली, पृथ्वीची कक्षा असं सगळं समजावून सांगत होते. मावशी म्हणाल्या, तुझी सावली तुझ्याजवळ ठेव, माझी सून आत राहू दे. ग्रहण सुटल्यावर ताई बाहेर आली तेव्हा मला वाटलं होतं ती वैतागली असेल. तिने माझ्या कानात सांगितलं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सकाळभर कोणी चहा मागितला नाही गं.

हे वाक्य ऐकून आम्ही दोघी तोंड दाबून हसलो होतो. गणपती जवळ आले तसं तेच मला टोचायला लागलं. कारण ताईच्या सासरी पाच दिवसांचा गणपती असतो. गौरी येतात, भजनं होतात, गावातली आणि गावाबाहेरची सगळी माणसं दर्शनाला येतात. अशा घरात सुनेने काय करायचं ते ठरलेलं असतं. येणाऱ्याला पाणी द्यायचं, चहा द्यायचा, मोठ्यांच्या पाया पडायचं, उष्टे कप उचलायचे, पुन्हा चहा ठेवायचा. आणि या तापाबद्दल डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते की पोटुशा बाईला त्याचा धोका सगळ्यांत जास्त. मी पुस्तकातली ती ओळ वाचायचे आणि मला ट्रे घेऊन फिरणारी माझी ताई दिसायची.

मी चामटोलीला जाऊन आईला घेतलं आणि गणपती बसायच्या आधी आम्ही दोघी पालेगावला गेलो. तेव्हाचं पालेगाव अजून गाव होतं. रस्त्याच्या एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला एका नव्या टॉवरचे उभे खांब. ताईच्या घराच्या पडवीत पुरुष मंडळी मखर बांधत होती. थर्माकोल कापणं चाललेलं आणि मध्येच एक रुमालाची पुरचुंडी हातोहात फिरत होती. एकाने नाकाला लावून जोरात ओढायची, पुढच्याला द्यायची, बिडी द्यावी तशी. एकाला सर्दी होती. त्याला दोनदा मिळाली.

आमच्या भावोजींनी ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, घ्या मेव्हणीबाई, तुमच्या सायन्सला पण लागंल.

घरात बसल्यावर मी मावशींना सगळं सांगितलं. थेंब कसे उडतात, हातावर किती वेळ राहतात, पोटातल्या बाळामुळे श्वासाला जागा कशी कमी पडते. मी चांगलं सांगितलं असावं, कारण मावशींनी एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, असंल पोरी, शिकलेली हायस, खोटं कशाला सांगशील. पण गणपतीत सून बाहेर दिसली नाय तर लोकं काय बोलतील? नवसाची सून, पहिलं बाळंतपण. म्हणतील सासूने काय केलं हिला, नायतर हिचंच सासूशी वाकडं हाय.

मावशी वाईट नव्हत्या. ताईवर त्यांचा जीव होता. पण ज्या गावात प्रत्येक घर प्रत्येक घराला ओळखतं, तिथे चार लोकांच्या बोलण्याची भीती तापाच्या भीतीपेक्षा मोठी असते, कारण ती रोजची असते. मी पुन्हा थेंबांकडे वळणार होते, तेवढ्यात माझी आई बोलली.

"ईनबाई, ग्रहण समजा ना."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी ढग होते," आई म्हणाली. "ग्रहण कुणाला दिसलं नाय. तरी तुम्ही पाळलंत. हे पण दिसत नाय. पाच दिवस पाळा."

स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. तिने आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. हातातला कालथा तेवढा घट्ट धरला. मावशी सुपातले तांदूळ पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, ग्रहण म्हटलं तर कोण काय बोलणार नाय.

एकदा त्यांनी मनावर घेतल्यावर मात्र माझं काम सोपं झालं नाही, अवघड झालं. त्यांनी लगेच खिडकीला लावायला घोंगडी काढली. मी म्हटलं, मावशी, या ग्रहणात खिडकी उघडी ठेवायची असते. त्या म्हणाल्या, असलं कसलं ग्रहण? मी म्हटलं, नवीन आहे. तेव्हा घासाघीस सुरू झाली. घोंगडी त्यांनी सोडली, पण चौकटीला तुळशीची डहाळी बांधायचीच. मी म्हटलं बांधा, तिने वारा अडत नाही. ताईचं ताट-वाटी-तांब्या वेगळं, ते त्यांना मान्यच होतं. तिला जेवण द्यायला जाताना साबणाने हात धुवायचे, हे त्यांनी ऐकलं आणि स्वतःच वाढवलं: जो बाहेरून येईल त्याने पडवीच्या खाली हात-पाय-तोंड धुतल्याशिवाय वर चढायचं नाही. पडवीखाली पिंप ठेवलं, तांब्या ठेवला, साबणाची वडी दोरीला बांधून ठेवली. ती पुरचुंडीही त्यांनी काढून घेतली आणि चुलीत टाकली. भावोजी म्हणाले, आई, अगं कापूर आहे त्यात. मावशी म्हणाल्या, सगळ्यांचा शेंबूड पण हाय.

आणि मग त्या शेजारी गेल्या. हे मला आज सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. शेजारचं घर त्यांच्या चुलत जावेचं, मधली भिंत एकच. तिथेही एक नवी सून होती, ज्योती. तिलाही दिवस गेले होते, ताईच्या मागे महिनाभर. मागच्या दाराला उभं राहून मावशींनी जावेला सांगितलं, मी ग्रहण पाळतेय, तू पण पाळ. जाऊबाई हसल्या. आमचा दीड दिवसाचा गणपती, म्हणाल्या, दीड दिवसात काय होतंय? आणि गणपतीत कसलं गो ग्रहण, पंचांग तरी बघ.

ते पाच दिवस मी कॉलेज बुडवून पालेगावला राहिले. ताई उघड्या खिडकीशी बसून वाती वळायची. खिडकीबाहेर खाचरांत भात पोटरीला आलेलं, वाऱ्याबरोबर त्याचा हिरवा दुधाळ वास आत यायचा. बाहेर भजन रंगलेलं असायचं आणि ती आतून टाळ्या द्यायची. गौरीच्या जेवणाला आलेल्या बायका विचारायच्या, सून कुठाय? मावशी ठसक्यात सांगायच्या, ग्रहणात हाय. काहींना पटायचं, काहींना नाही, पण कोणी आत गेलं नाही. एकदा मी घाईत, हात न धुता, दरवाजाशी गेले तर मावशींनी मलाच मागे ओढलं. त्या क्षणी मला किती आनंद झाला ते त्यांना कळलं नसेल.

विसर्जनानंतर ताप आला तो पुरुषांना. जे मखराला होते त्यांतले बहुतेक सगळे अंथरुणाला खिळले, भावोजीसुद्धा. अंग मोडून निघायचं, खोकल्याने रात्र जायची. पण ते तरणे होते, उठले. ताईला शिंकही आली नाही. भावोजी उठायच्या आधीच मावशींनी तिला चामटोलीला पाठवून दिलं. मार्गशीर्षात तिला मुलगी झाली, सावळी आणि भरपूर जावळाची.

ज्योतीलाही ताप आला होता. दीड दिवसात तिने किती जणांना चहा दिला असेल, कोणी मोजलं नाही. पहिले काही दिवस साधा ताप म्हणून काढा दिला. मग श्वास लागला तेव्हा अंबरनाथ, तिथून कल्याण, तिथून मुंबई. कित्येक आठवड्यांनी ती परत आली. एकटी आली.

तिला तो ताप त्या चहाच्या कपांतूनच लागला असं मी म्हणू शकत नाही. कोणीच म्हणू शकत नाही. सगळी काळजी घेऊनही ताप गाठतो आणि काही न करताही एखादा सुटतो, हे मी मुलांनाही सांगते. पण एकाच भिंतीच्या दोन बाजूंना जे झालं ते मी पाहिलं आहे, आणि त्याला नुसतं नशीब म्हणायला माझं शिक्षण मला परवानगी देत नाही.

चामटोलीत त्या वर्षी ताप फारसा फिरलाच नाही. आमच्या गावातली माणसं बरीच वर्षं अभिमानाने सांगत होती की आमचं पाणी चांगलं, आमची माती चांगली. मला वाटतं, आमची घरं लांब लांब होती एवढंच. दारं दिवसभर उघडी, माणसं दिवसभर शेतावर, आणि चिखलाचे हातपाय दारातल्या दगडावर धुतल्याशिवाय कोणाला घरात घेत नसत. आम्ही शहाणे म्हणून वाचलो नाही, चिखलाने वाचवलं. उलट मामाच्या गल्लीत, जिथे एका नळावर सगळ्या खोल्या आणि तो नळही दिवसातून थोडाच वेळ, तिथे पुन्हा पुन्हा हात धुवा म्हणणं सोपं होतं, धुणं सोपं नव्हतं. मामी म्हणायची, साबण आहे गं, पाणी आण. म्हणून कोणी मला म्हणालं की अमुक भागातले लोकच घाणेरडे, की माझं डोकं फिरतं. माणसं सगळीकडे सारखीच. कुठे नळाला पाणी असतं, कुठे नसतं. कुठे एखादी बाई दारात उभी राहून सांगते, कुठे नाही.

पुढे करोना आला आणि जे आम्ही एका भिंतीपुरतं पाहिलं होतं ते सगळ्या जगाने पाहिलं. तेव्हा मी नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. शाळा पुन्हा उघडली तेव्हा फाटकाशी नळांची रांग हवी म्हणून मी हट्ट धरला. मदत मागायला पालकांच्या दारोदार फिरले. आज तिथे नळ आहेत, त्यांना पाणी येतं, आणि मुलं एकमेकांच्या अंगावर ते उडवत का होईना, हात धुऊन वर्गात जातात. मला शिकवलं त्याचं मी काय केलं असं कोणी विचारलं, तर मी त्या नळांकडे बोट दाखवीन. आई-बाबांना आणि ताईला मी एकदा मुद्दाम दाखवायला आणलं होतं. ताईने एकेक नळ सोडून बघितला.

आता पालेगावात खाचरं नाहीत. टॉवर उभे आहेत, त्यांच्या खाली मोबाइलची आणि केकची दुकानं आहेत. ताईचं आणि ज्योतीचं घर मात्र अजून शेजारी शेजारीच आहे, आता दोन्ही पक्के बंगले, पुढे लोखंडी फाटकं. ज्योतीला पुढे दोन मुलं झाली. त्या वर्षाबद्दल ती कधी बोलत नाही. तिच्या सासूबाई गेल्यापासून घर तिच्याच हातात आहे. यंदा तिच्या धाकट्या जावेला, पूजाला, दिवस आहेत, आणि यंदाही गावात तापाची साथ आहे.

परवा गणपतीला मी ताईकडे गेले. नेहमीप्रमाणे ताई आणि मावशींबरोबर शेजारच्या दर्शनालाही निघाले. फाटकाच्या आत नळाशी साबण होता, टॉवेलऐवजी कागदी रुमालांचा गठ्ठा होता. माझ्यापुढचे लोक हात धुऊन आत जात होते. ज्योती फाटकातच उभी होती. मी तिला हाक मारली, तशी तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"आवाज बसलाय तुमचा."

मी म्हटलं, अगं, आठवडाभर वर्गात ओरडतेय, त्याने.

"असंल," ती म्हणाली. "पण पूजा आत हाय. तुम्ही इथनंच हात जोडा."

मागून मावशींचा आवाज आला, त्या आता काठी घेऊन चालतात. ऐक गो तिचं, म्हणाल्या. ताई हसत होती हे मला न बघताही कळलं. फाटकाबाहेरच्या लोकांनी वळून पाहिलं. ओरडून बसलेला घसा आणि तापाचा घसा यांतला फरक मी सहज समजावून सांगू शकले असते. पण सर्दीची सुरुवातही अशीच होते, हे मला तिच्याइतकंच ठाऊक होतं. मी पावलं मागे घेतली. तिथून मखरातली मूर्ती अर्धीच दिसत होती, बाजूच्या खोलीची खिडकी मात्र पूर्ण उघडी होती आणि तिच्यात पूजा पाय पसरून मोदक खात बसली होती. मी हात जोडले.

ज्योती आत गेली आणि द्रोणात प्रसाद घेऊन आली. तो तिने फाटकाच्या खांबावर ठेवला आणि मागे सरकली. मग मी तो उचलला.